मागच्या सीटवरची शेळी

आमच्या घरात गाडी आली तेव्हा ती चालवता येणारं घरात कुणीच नव्हतं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही. बाबांचं म्हणणं असं, की आधी वस्तू घरात यावी, मग ती वापरणारं माणूस आपोआप तयार होतं. शिलाई मशीन असंच आलं होतं. त्यावर आईने उशीचे दोन अभ्रे शिवले आणि पुढे त्याच्यावर पापड वाळत घालायला सुरुवात केली. गाडी पांढरी, चार दारांची, बाबांच्या ऑफिसातल्या एका साहेबांनी वापरून सोडलेली. ती भुकूमच्या आमच्या इमारतीखाली येऊन उभी राहिली त्या दिवशी आईने तिला ओवाळलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, आणि बाबांनी साहेबांच्या ड्रायव्हरला अत्यंत रुबाबात सांगितलं, "हां, घ्या आता पुढे." लिंबं चिरडली गेली, आम्ही टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर किल्ली देऊन बसने निघून गेला. मग आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, मी आणि गाडी, एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

आम्ही मूळचे परभणीचे. बाबांची बदली पुण्याला झाली आणि आम्ही पौड रस्त्यावर भुकूमला फ्लॅट घेतला. तेव्हा इमारतीच्या तीन बाजूंना नवी बांधकामं आणि चौथ्या बाजूला शेतं होती. आई नातेवाइकांना फोनवर सांगायची, "पुण्यात राहतो म्हणायचं आणि खिडकीतून म्हशी बघायच्या." सकाळची सुरुवात पाण्याच्या टँकरच्या भोंग्याने होई, मग शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत, मग कुकर, आणि सगळ्यात शेवटी बाबांचं खाकरणं. नाश्त्याला आई मुरमुरे भिजवून, त्यांना फोडणी देऊन, आमच्याकडची सुशीला करायची. खालच्या मजल्यावरच्या, मूळच्या भुकूमच्याच बाईंनी पहिल्यांदा ती चाखली तेव्हा विचारलं होतं, "ह्ये काय म्हनायचं? पव्ह्याची भन का?" आईला राग आला, पण दुसऱ्या दिवशी तिने त्यांना वाटीभर जास्त दिली. इथली माणसं तोंडावर बोलतात आणि बोलून विसरून जातात, हे समजायला आम्हाला वर्षभर लागलं.

बाबा गाडी शिकायला शहरातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायला लागले. तिथल्या गाडीला मास्तरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो, हे आज सगळ्यांना माहीत आहे. बाबांनाही माहीत होतं. फक्त मास्तर त्यांचा किती वापर करतात हे त्यांना माहीत नव्हतं. तीन आठवडे ते रोज प्रसन्न चेहऱ्याने घरी आले. जेवताना ताटातली वाटी डावीकडे-उजवीकडे सरकवून आम्हाला गिअर समजावून सांगायचे. "क्लचचा लोक उगीच बाऊ करतात," ते म्हणायचे, "पाय नुसता ठेवायचा, बाकी गाडी बघून घेते." गाडी काही बघून घेत नव्हती, मास्तर बघून घेत होते. परवाना मिळाला, तो कसा मिळाला हे मी कधी विचारलं नाही, आणि पहिल्याच रविवारी बाबांनी आम्हाला पिरंगुटच्या घाटातून फिरवून आणायचं ठरवलं.

तो घाट म्हणजे काही फार मोठा नाही. घाटवाले लोक त्याला चढ म्हणतील. पण कारखान्यांचे ट्रक त्यावरून दिवसभर जातात, आणि त्या रविवारी त्यातले सात-आठ आमच्या मागे उभे राहिले. गाडी चढावर बंद पडली. बाबांनी चालू केली, तिने उडी मारली आणि परत बंद पडली. असं पाच वेळा. मागचे भोंगे सुरू झाले. शेवटी मागच्या ट्रकमधून एक बिहारी ड्रायव्हर उतरला, खिडकीपाशी येऊन अगदी आदराने म्हणाला, "अंकल, आप उधर बैठिए, हम चढ़ा देते हैं." बाबा उधर बसले. त्याने गाडी माथ्यावर नेऊन उभी केली, बाबांना नमस्कार केला आणि पळत पळत आपल्या ट्रककडे परत गेला. माथ्यावरून बाबांनी ती वळवली आणि उताराउताराने घरी आणली. दुसऱ्या दिवशी बाबांनी राखाडी रंगाचं कव्हर आणलं आणि गाडी त्याच्यात गुंडाळून टाकली. कुणी विचारलं तर "बॅटरीचं जरा बघायचंय" असं सांगायचं ठरलं.

आता हे इथेच थांबलं असतं, पण परभणीला नानाकाका होते. नानाकाका बाबांचे धाकटे भाऊ. लहानपणी बाबांना सायकलवर बसायला दगड लागायचा, ही गोष्ट त्यांनी घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितलेली. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि बाबा म्हणायचे, "हो, आज काढली होती गाडी." हे खोटं नव्हतं. बाबा दर रविवारी कव्हरमधून गाडी काढत, पुसत, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत आणि परत कव्हर घालत. फोनवर मात्र त्या गाडीने मुळशीचं धरण, लवासाचा रस्ता, ताम्हिणी असं बरंच काही पाहिलं. "तू ये तर खरा," बाबा म्हणायचे, "तुला रिहे गावाला नेतो. तिथला आंबेमोहर तांदूळ आणू. स्वतः नेतो." आई पलीकडच्या खोलीत कपाळाला हात लावायची.

धोंडीमामा आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटांवर शेळ्या चारायचा. धनगराचा, वय साठीच्या आसपास, डोक्याला कायम टॉवेल. आई भाजीची सालं, कोबीची पानं त्याच्या शेळ्यांसाठी राखून ठेवायची, त्यामुळे आमच्या घरावर त्याचा लोभ होता. त्याने एक दिवस कव्हर घातलेल्या गाडीकडे बघून विचारलं, "गाडी आजारी हाय का, वैनी?" आईने बिहारी ड्रायव्हरपासून सगळं सांगून टाकलं. तेव्हा कळलं, की धोंडीमामाने बारा-पंधरा वर्षं टेम्पो चालवला होता, शेळ्या-मेंढ्या बाजाराला नेण्याचा. "मालकास्नी शिकवू का?" तो म्हणाला. आई म्हणाली, "ते तुमच्याकडून शिकणार नाहीत. देवाकडूनही नाहीत. हिला शिकवा." ही म्हणजे मी. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजला बसच्या दाराला लोंबकळत जाणारी, आणि गाडी शिकायला मिळतेय म्हटल्यावर बापाला फसवायला एका पायावर तयार असलेली. शिकाऊ परवाना मी स्कूटी शिकते असं सांगून काढला. तेवढ्यात त्यावर गाडीचंही लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी धोंडीमामा आला तो एक शेळी घेऊनच. कपाळावर पांढरा टिळा असलेली, चांदी नावाची. त्याने मागचं दार उघडलं, सीटवर पोतं अंथरलं आणि चांदीला उचलून वर उभी केली. मला वाटलं तिला कुठे पोचवायचं असेल. "न्हाई, ही तुजी परीक्षा घ्यायला हाय," तो म्हणाला. टेम्पोत शेळ्या उभ्याने न्यायच्या असतात, गाडीला हिसका बसला तर पडतात, पाय मोडतात, आणि पाय मोडलेली शेळी बाजारात कुणी घेत नाही. म्हणून तो स्वतः शेळ्यांच्या आवाजावर क्लच शिकला होता. मी म्हटलं, "मामा, गाडी बंद पडली की मला कळेलच की." तो म्हणाला, "तुला कळंल, पर तू म्हनशील आपलं जमतंय हळूहळू. मानूस मानसाला लाजून गप ऱ्हातंय. शेळी न्हाई ऱ्हात."

आणि खरंच राहिली नाही. मी क्लच सोडला, गाडीने उडी मारली आणि मागून असा आवाज आला की समोरच्या बांधकामावरचे गवंडी वाकून बघायला लागले. पहिले चार दिवस चांदीने मला एकदाही पास केलं नाही. धोंडीमामा शेजारी बसून शांतपणे सांगायचा, "पायाकडं बघू नगंस. आवाज ऐक. क्लच उचलताना इंजिनाचा आवाज खाली बसतोय बग, बसला की वळखायचं, गाडीनं वझं घेतलं. तितंच पाय धर. मंग रेस दे." मला तो आवाज ऐकूच यायचा नाही. मी फक्त शेळीची वाट बघायचे. पाचव्या दिवशी प्लॉटाच्या कडेच्या मातीच्या चढावर गाडी थांबवून त्याने हँडब्रेक ओढायला लावला, आणि तेव्हा पहिल्यांदा ते आवाजाचं खाली बसणं मला पायाला कळलं. हँडब्रेक सोडला, गाडी जागची हलली, चढली, आणि मागे काहीच झालं नाही. वळून बघितलं तर चांदी रवंथ करत खिडकीबाहेर बघत होती. मला इतका आनंद झाला की मी ब्रेक मारला, आणि ती पडली.

नानाकाकांच्या नातीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे, आता बिनक्लचची गाडी आहे. ती एका पायाने चालवते, दुसरा पाय मांडी घातल्यासारखा दुमडून. ती मला विचारते, "आत्या, तुम्हाला एवढं सगळं का करावं लागायचं?" मी तिला शेळीचं सांगितलं तर ती हसून हसून वेडी झाली, आणि मग तिने गंभीरपणे विचारलं, शेळीला त्रास नाही का व्हायचा. व्हायचा. म्हणूनच मी शिकले.

बाबा ऑफिसला गेले की आई कव्हर काढायची आणि ते यायच्या आत परत घालायची, दोऱ्यांच्या गाठीसकट. पेट्रोल कमी व्हायचं, त्याला बाबा "उन्हाने उडतं" म्हणायचे. एका रविवारी मात्र त्यांना मागच्या सीटच्या फटीत काळ्या गोळ्या सापडल्या. आई घाईने म्हणाली, "मिरे असतील. परवा आणले होते." बाबांनी एक गोळी उचलून नाकाशी नेली, फेकली आणि हात धुवायला गेले. त्यानंतर दर रविवारी ते मागची सीट आधी झटकायचे, आणि विचारायचे काहीच नाहीत. त्यांना तेव्हाच कळलं होतं का, हे मला आजही ठाऊक नाही. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि आईला विचारलं तर ती म्हणते, "त्यांना सगळं कळायचं, फक्त वळायचं नाही."

मग दिवाळीनंतर नानाकाका आणि काकू खरंच आले. बॅग दारात ठेवायच्या आधी काका म्हणाले, "दादा, तुझ्या गाडीत बसायलाच आलोय. रिह्याला कधी नेतो?" बाबा म्हणाले, "उद्या." रात्री त्यांनी जेमतेम एक भाकरी खाल्ली. मला त्यांची इतकी कीव आली की मी आईला म्हटलं, मी चालवते, सांगून टाकू. आईने मान हलवली. "नानासमोर? अगं, तो परभणीला जाऊन गल्लीभर सांगेल. तुझे बाबा पुन्हा गावाकडं तोंड दाखवणार नाहीत." सकाळी तिने गोडीत सांगितलं, "नाना, तुम्ही मागं बसा ऐसपैस, पुढं ऊन लागतं," आणि मला बाबांच्या शेजारी बसवलं. का बसवलं ते ती बोलली नाही. मलाही विचारावं लागलं नाही.

सपाटीवर बाबा बरे चालवत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर बॉनेटवर, मान ताठ. मागे काका मोठमोठ्याने बोलत होते. घाट आला. अर्ध्या चढावर पुढचा टेम्पो थांबला, आम्हीही थांबलो, आणि टेम्पो निघाला तेव्हा आमची गाडी बंद पडली. बाबांनी चालू केली, उडी, परत बंद. आणि ती मागे सरकायला लागली. मागे ट्रक होता. बाबांचा पाय ब्रेकवर नव्हता, कुठे होता हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं. मी ओढणी मांडीवरून मधे पसरली आणि तिच्याखालून हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. बाबांनी दचकून आधी ओढणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मी ओठ न हलवता म्हटलं, "बाबा, चालू करा. पहिला टाका. क्लच हळू सोडा. आवाज ऐका. अजून... बसला ना आवाज? तिथंच धरा. आता रेस." मी हँडब्रेक सोडला. गाडी निघाली, आणि एकदाही न कचरता माथ्यावर गेली.

"वा, दादा!" मागून काका म्हणाले. "मला वाटलं गेलो आपण मागं. पण काय काढलीस!" बाबांची नजर बॉनेटवरून हलली नाही. मी मात्र फुलून गेले होते. मी बापाची अब्रू राखली, तीही कुणाला कळू न देता, असं मला वाटत होतं. उतारावरून पिरंगुट गेलं, भरे गाव गेलं, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. एकोणिसाव्या वर्षी माणसाला दुसऱ्यावर उपकार करायला फार आवडतं.

रिह्यात धोंडीमामाची थोरली बहीण हौसाबाई दिलेली होती. तिच्याच घरचा आंबेमोहर घ्यायचा होता आणि जेवणही तिच्याकडेच. धोंडीमामानेच निरोप धाडला होता. तिच्या ओसरीवर पायली-पायलीचे ढीग लावून तांदूळ ठेवला होता आणि वास बाहेर रस्त्यापर्यंत येत होता. पानात नव्या तांदळाचा भात, कोंबडीचा तांबडा रस्सा, वर लोखंडी तव्यावर भाजलेली सुकी मिरची. काका रस्सा ओरपत होते. हौसाबाई वाढता वाढता माझ्यासमोर थांबली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "व्हय गं, तू तीच न्हवं का? आमच्या धोंडीच्या शेळीला गाडीतनं हिंडवतीयास ती?" मी मान खाली घातली. तिला वाटलं मी लाजले. "धोंडी सांगत हुता, पोरगी लई झ्याक चालवती म्हनून. बापाला म्हनं ठावं न्हाई. बाप लई भितुया गाडीला." मग तिची नजर बाबांकडे गेली आणि तिने सरळ विचारलं, "तुमीच व्हय त्ये?"

काकांचा हात पानावरच थांबला होता. मला त्या भातात तोंड खुपसावंसं वाटलं. काकांनी हळूच विचारलं, "दादा, मग मघाशी घाटात गाडी कुणी चढवली?" "अजून थोडा रस्सा वाढा," बाबा हौसाबाईला म्हणाले, आणि सावकाश, भात कालवून कालवून, सगळं जेवले. त्या दिवशी मला माझा बाप घाबरला आहे की रागावला आहे हे ओळखता येत नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

जेवणं झाल्यावर बाबा हात धुवायला मागे नळावर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी गेले. ते किल्ली धरून उभे होते. मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. तुम्हाला न सांगता शिकले." ते म्हणाले, "शिकलीस ते चांगलंच केलंस. त्याचं काही नाही." मग म्हणाले, "तो मास्तर होता ना, तो माझ्याऐवजी क्लच दाबायचा. तीन आठवडे मी समजत होतो, मी चालवतोय. ट्रकवाल्याने मला उठवलं तेव्हा कळलं. त्याचा राग नाही आला मला, मास्तरचा आला. आज तू तेच केलंस." मी म्हटलं, "काका मागे होते म्हणून..." "कळतं गं मला. माझ्यासाठीच केलंस. पण मला फसवून शाबासकी मिळवून द्यायची नाही. निदान तू नाही." मला रडू यायला लागलं. एवढी खूष होते मी स्वतःवर, आणि बाबांना घाटाच्या माथ्यापासून तेच टोचत होतं, हे मला समजलंच नव्हतं.

बाबा पुढे गेले. गाडीपाशी तांदळाची पोती डिकीत चढवून काका, काकू, आई उभे होते, हौसाबाई पदर खोचून होती. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "नाना, मला गाडी येत नाही. हिला येते." आणि किल्ली माझ्या हातात दिली. आईने डोळे मिटून घेतले. काका बाबांकडे वळले. आता सायकल आणि दगड निघणार, असं मला वाटलं. काका म्हणाले, "अरे मग सकाळीच सांगायचं ना, दादा! घाटात मी बायकोचा हात धरला होता. लग्नानंतर पहिल्यांदा." काकू म्हणाल्या, "नखांच्या खुणा आहेत अजून." हौसाबाई सगळ्यांत मोठ्याने हसली. बाबाही हसले, उशिरा आणि थोडंसं, पण हसले.

बाबा माझ्या डावीकडे बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, रिकामे. मी घाबरले होते, त्यामुळे पहिल्यांदा गाडी बंदच पडली, आणि बाबा अजिबात हलले नाहीत, काही सुचवलंही नाही. दुसऱ्यांदा निघाली. रिहे मागे पडलं, कापलेली भातखाचरं, पेंढ्यांचे ढीग, मग रस्ता खाली वळला आणि पूल आला. दुपारच्या उन्हात खाली नदी भरून वाहत होती, काठाला म्हशी बसल्या होत्या. बाबा पुढे वाकले.

"इथं एवढी मोठी नदी आहे?" ते म्हणाले.

"अहो, सकाळी याच पुलावरून आलो की आपण," मागून आई म्हणाली.

बाबांनी काच खाली केली. "सकाळी मी गाडी चालवत होतो," ते म्हणाले, आणि पूल संपेपर्यंत मान बाहेर काढून बघत राहिले.